पाच वाट्या म्हणजे एक किलो? मुळीच नाही

दिवाळी जवळ आली की आमच्या सांगलीत एक तक्ता मोबाइलवर फिरू लागतो. ‘वाटी म्हणजे २०० ग्रॅम, जिन्नस कोणताही असो. पाच वाट्या म्हणजे किलो. एक लिटर म्हणजेही किलोच. चमचा म्हणजे ५ ग्रॅम. आपल्या आज्या असंच मोजायच्या, वजनकाटा हवा कशाला?’ सोपं वाटतं म्हणून जो तो पुढे पाठवतो, आणि घराघरांत महागामोलाचं सामान वाया जातं.

आधी वाटीचं बघू. माझ्या स्टीलच्या वाटीत काठोकाठ २०० मिली पाणी मावतं, ते भरतं २०० ग्रॅम. तीच वाटी साखरेनं सपाट भरली तर काटा १७० च्या आसपास थांबतो, रव्याला १४०, बेसनाला ९५. पातळ पोहे पन्नाशीही गाठत नाहीत. बेसन दाबून भरलं किंवा वर शीग ठेवली की आकडा पुन्हा बदलला.

माझ्या भाचीनं गेल्या दिवाळीत हाच तक्ता धरून लाडू केले. किलोभर बेसनाला अर्धा किलो तूप, हे प्रमाण बरोबरच होतं. तूप पुड्यातलं, म्हणजे नेमकं वजनी. बेसन मात्र पाच वाट्या. म्हणजे जेमतेम पावणेपाचशे ग्रॅम! लाडू वळता वळता बसायला लागले, परातीत तूप तरंगलं. पोर रडकुंडीला आली होती. तिच्या हाताचा यात काडीचा दोष नव्हता.

लिटर म्हणजे किलो हे पाण्यापुरतं खरं, दुधाला थोडंफार चालून जातं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. लिटरभर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. मध उलट जड, लिटरला जवळपास १४०० ग्रॅम.

चमच्याचंही तेच. ५ मिलीच्या सपाट चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅमच्या आसपास बसतं, हळदपूड ३. भाजीत हा फरक खपतो. लोणच्यात मीठ कमी पडलं तर बुरशी धरते, वर्षाची बरणी जाते.

आता आज्यांचा दाखला. तो मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात त्यांच्यावर अन्याय आहे. त्या पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं वापरायच्या. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी किंवा चार चिपटी. ही धान्य मापायची भांडी. वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेर कोणता आणि वजनी कोणता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे सारख्याच वजनाचे, असं माझी आजी कधीच म्हणाली नसती.

शिऱ्याला आज्या वाटीभर रव्याला वाटीभर साखर घेत, तेही योग्यच. एकाच वाटीनं सगळं मोजलं की प्रमाण जमतं, तिथं ग्रॅमचा प्रश्नच येत नाही. घोटाळा होतो तो अर्धं सामान वाटीनं आणि अर्धं पुड्यावरच्या वजनानं घेतल्यावर.

भाचीच्या बेसनाच्या डब्यात आता एक ठरलेली वाटी असते. झाकणाच्या आतून तिनं चिठ्ठी चिकटवलीय: ‘ही वाटी, सपाट, न दाबता, ९५ ग्रॅम. किलोला साडेदहा.’