पक्ष कळला म्हणून वाचक कळत नाही

"इस्राएलबद्दलचं तुमचं मत सांगा, ज्यू फँटसी तुम्हाला आवडेल की नाही ते मी सांगतो." हे वाक्य सध्या फार फिरतंय. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात: या ज्यू अद्भुतकथा म्हणजे इस्राएलचा प्रचार, आणि त्या वाचायच्याच तर राजकारण बाजूला ठेवून वाचाव्यात. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी मत आणि आवड यांचं गणित. राजकीय झायोनिझमचे, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये मायदेश हवा या चळवळीचे, प्रवर्तक थिओडोर हर्झल यांनी १९०२ मध्ये 'आल्टनॉयलांड' ही जर्मन कादंबरी लिहिली. दोघे जण वीस वर्षं एका बेटावर काढून १९२३ मध्ये पॅलेस्टाइनला येतात, तर तिथे विजेवरच्या आगगाड्या, सहकारी संस्था, नाट्यगृहं असा नवा ज्यू समाज उभा! या पुस्तकावर सगळ्यात कडाडून कोण तुटून पडलं? अहद हाआम, म्हणजे स्वतः झायोनिस्ट विचारवंत. त्यांचा सवाल होता, यात ज्यू असं आहे काय? हिब्रू कुठे आहे? हे तर युरोपचं अनुकरण. हर्झलच्या बाजूने माक्स नॉर्दाऊ यांनी जहरी उत्तर दिलं, तेव्हा मार्टिन बूबर आणि खाइम वाइझमन अहद हाआम यांच्या पाठीशी उभे राहिले. हे सगळेच झायोनिस्ट. मायदेश हवा यावर त्यांचं दुमत नव्हतं, तरी एकाच पुस्तकावरून ते असे भांडले. हिब्रूची उणीव अहद हाआम यांना खुपली ती त्यांच्या राजकारणामुळेच. तटस्थ वाचकाच्या ती ध्यानातही आली नसती. (याच कादंबरीच्या हिब्रू अनुवादाचं नाव 'तेल अवीव' होतं. पुढे शहराला तेच नाव मिळालं.)

दुसरा दावा प्रचाराचा. प्रागच्या महाराल या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, घडवलेला मातीचा माणूस, गोलेम, घ्या. इस्राएल स्थापन होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात, या खोट्या आळापासून समाजाला वाचवणारा गोलेम युदल रोझेनबर्ग या पोलंडमधल्या रब्बींनी १९०९ मध्ये रंगवला. १९२१ मध्ये एच. लाइविक यांनी यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लिहिलेल्या नाट्यकाव्यात तोच राखणदार शेवटी ज्यूंचंच रक्त सांडतो. लाइविक बुंड या समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते होते, झारने त्यांना सैबेरियात धाडलं होतं. मुक्तीसाठी उचललेला हात कुठवर जातो, ही धास्ती त्यांच्या ओळीओळीत आहे. यात इस्राएलचा प्रचार शोधायचा कुठे?

काही वाचक लेखकाचं नाव पाहूनच पुस्तक मिटतात, हे खरं. पण तो प्रतिसाद नावाला असतो, पुस्तकाला नव्हे; पुस्तक तर त्यांनी वाचलेलंच नसतं.

राहिलं राजकारण बाजूला ठेवणं. अमेरिकन लेखक मायकेल शेबॉन यांच्या २००७ च्या कादंबरीत इस्राएल १९४८ मध्येच कोसळतं आणि निर्वासित ज्यू अलास्कातल्या सिटका इथे राहतात, तेही साठ वर्षांच्या मुदतीवर. मुदत संपत आली की पुन्हा बोचकं बांधायचं. झायोनिझमचा विरोधक इथे विजयाचा आनंद शोधेल, तर त्याच्या हाती बेघर माणसं येतील. समर्थक अपमान शोधेल, तर त्याला स्वतःचीच भीती भेटेल. आणि हर्झलच्या कादंबरीत तर गायर नावाचा रब्बी आहे, बिगरज्यूंना समान हक्क नकोत म्हणणारा. तो निवडणूक हरतो. राजकारण वगळून ती निवडणूक वाचायची कशी, हे त्या वाक्यवाल्यांनी सांगावं.