टिळकांचे अभंगही एकेकाळी नवेच होते

मराठी चर्चमधल्या तरुणांना गिटार-ड्रम हवेत, जुनी भजनं नकोत, असं एका लेखात म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये आजी पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं पुस्तक न उघडता म्हणायची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंग-ओवीत आणलं. पाश्चात्त्य चालींवर भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळीला तेही नवंच होतं की! आता माझी मुलगी पडद्यावरचे हिंदी-इंग्रजी शब्द वाचत, हात उंचावून गाते. तिची भक्ती खरी आहे, मी रोज बघते. पण मराठी गीताचं एक कडवंही तिला पाठ नाही, हे मनाला फार लागतं. येत्या नाताळात तरुण संघाने गिटारवर एक तरी अभंग बसवावा. तबल्याला माझा भाऊ आनंदाने येईल.