सेंटिनेल, प्राणिसंग्रहालय आणि मेळघाटचे डॉक्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया चिडून लिहिलीये हे कळतंय, पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे खाली आभार मानून सटकण्यापेक्षा सविस्तरच लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर (बाहेरच्यांना जवळ येऊ न देणारे सेंटिनेली आदिवासी राहतात तिथे) कुणीही जायचं नाही हे सरकारचं धोरण बरोबर आहे असं मी मागे लिहिलं होतं. सरांचं म्हणणं, ही माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवायची तऱ्हा झाली, मेळघाटात आपण डॉक्टर पाठवतो मग तिथल्या पोरांनी तापाने का मरायचं, त्यांना आपण नकोय हे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण, माणूस मारून मोकळे सुटतात हा कुठला कायदा, त्यांना मुख्य प्रवाहात आणायला नको का, आणि शेवटी हेही की तुमच्यासारखे लोक दोनशे-अडीचशे शोंपेन आदिवासींसाठी ग्रेट निकोबार बेटावरचं बंदर अडवायला निघालेत.

आधी प्राणिसंग्रहालयाचं बघू. तिथे तिकीट असतं आणि बघे असतात. सेंटिनेलला नेमकी बघ्यांनाच बंदी आहे. १९५६ ची अंदमान-निकोबारच्या आदिम जमातींच्या संरक्षणाची जी नियमावली आहे, ती तुम्हाला-मला अडवते. ते स्वतः उद्या होडी वल्हवत बाहेर आले तर त्यांना परत पाठवायची सोय त्यात नाहीये. प्राणिसंग्रहालय म्हणायचंच असेल तर ते त्याच जिल्ह्यात दुसरीकडे आहे आणि आपली मराठी माणसं तिथे दरवर्षी पैसे भरून जातात. अंदमान ट्रंक रोड. पहाटे अंधारात पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची ही भलीमोठी रांग, ड्रायव्हर आधारच्या झेरॉक्स घेऊन पळतोय, टपरीवर इडली-वडा, मग गेट उघडलं की पोलिसांच्या गाडीमागून काफिला जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून सुटतो. मी गेलो होतो तेव्हा बस सगळी आपल्याच लोकांची, आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर डोळे पुसलेली. ड्रायव्हरने बजावून सांगितलं होतं, काचा बंद, फोटो नाही, काही द्यायचं नाही. रस्त्याच्या कडेला एक बाई कडेवर पोर घेऊन उभी दिसली आणि अख्खी बस डाव्या बाजूला कलली, "अगं बघ बघ, गेली बघ". परत येताना कुणीच दिसलं नाही तर मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी टूर लीडरकडे तक्रार केली. अक्षरशः तक्रार, की येताना नाही दिसले म्हणून.

या रस्त्याचा जारवा राखीव क्षेत्रातून जाणारा भाग बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलंय, तो आजही चालू आहे. २०१२ च्या जानेवारीत खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर फिरला, पुढच्या जानेवारीत कोर्टाने पर्यटकांना या रस्त्यावर बंदी घातली, ती मार्चमध्ये उठलीसुद्धा. तेव्हा माणसांचा तमाशा होतो तो आपण जातो तिथे, जिथे जात नाही तिथे नाही.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, त्यांना विचारलं कुणी? तर बऱ्याच जणांनी विचारलंय, भेटवस्तू घेऊन घेऊन विचारलंय. १९६७ पासून मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित आणि मंडळी बोटी घेऊन जात होती. १९७४ साली एक फिल्मवाली टीम गेली, तिने किनाऱ्यावर नारळ, अॅल्युमिनियमची भांडी, एक बाहुली आणि एक जिवंत डुक्कर ठेवलं. दिग्दर्शकाच्या मांडीत बाण बसला. नारळ आणि भांडी लोकांनी उचलून नेली, डुक्कर भाल्याने मारून बाहुलीसकट वाळूत पुरलं. म्हणजे काय कामाचं आणि काय नाही याचा हिशोब त्यांचा पक्का होता, सगळं बाहेरचं वाईट असं काही त्यांचं नव्हतं. १९८१ मध्ये प्रिमरोज नावाचं मालवाहू जहाज तिथल्या खडकात अडकलं, त्याचं लोखंड त्यांनी वापरायला घेतलं, त्यामुळे ते "अश्मयुगीन" वगैरे जे आपले चॅनलवाले ओरडतात ते पण सोडून द्या.

मग १९९१. जानेवारीत अँथ्रोपोलॉजिकल सर्व्हेच्या टीमबरोबर मधुमाला चट्टोपाध्याय होत्या, त्यांनी पाण्यात नारळ सोडले आणि सेंटिनेली लोक पाण्यात उतरून ते गोळा करायला लागले, एका पोराने किनाऱ्यावरून नेम धरला तर तिथल्याच एका बाईने त्याला धक्का दिला आणि बाण पाण्यात पडला. इतकी जवळीक झाली. पुढच्या महिन्यातल्या फेरीत पंडित होते, नारळ वाटता वाटता ते आपल्या माणसांपासून जरा सुटे पडून किनाऱ्याकडे सरकले, तसं एका मुलाने सुरी काढून डोकं उडवीन अशी खूण केली आणि पंडितांनी लगेच बोट बोलावली. नारळ चालतील, पाण्यात उभं राहून हसणंबिसणं चालेल, वाळूवर पाय नको. याहून स्पष्ट उत्तर लेखी घ्यायचंय का आपल्याला? नव्वदच्या दशकातच सरकारने या फेऱ्या थांबवल्या, आणि थांबवा म्हणणाऱ्यांत स्वतः तिथे जाऊन आलेले लोक होते. आता तुम्ही म्हणाल की ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं झालं, मत बदललं असेल. असेलही, पण ते बदललंय हे कळवायची वाट त्यांच्याकडे आहे, आणि ती वापरता येते हे जारवांनी दाखवलंय.

त्याच्याशीच औषधांचा मुद्दा जोडलेला आहे. १९९६ मध्ये एनमेई नावाचा एक जारवा मुलगा पाय मोडून पडलेला सापडला, त्याला पोर्ट ब्लेअरच्या हॉस्पिटलात ठेवून बरा करून परत सोडलं. त्यानंतर वर्षभराने जारवा आपणहून जंगलाबाहेर यायला लागले, इतकी वर्षं बाण मारणारे लोक. आणि आले तसं काय झालं? १९९९ मध्ये गोवर. कदमतलाच्या छोट्याशा सरकारी हॉस्पिटलात डॉ. रतनचंद्र कार यांनी त्यांच्यावर उपचार केले, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तेव्हा "औषध देऊ नका" असं धोरण कधीच नव्हतं. जो येईल त्याला उपचार, पण आपण उपचाराच्या नावाखाली आत घुसायचं नाही, एवढंच आहे. जनगणनेत जारवा २००१ ला २४० होते, २०११ ला ३८० झाले.

उलट ज्यांना आपण (म्हणजे इंग्रजांनी, पण नंतर आपणही) मायेने जवळ घेतलं त्यांचं काय झालं बघा. ग्रेट अंदमानी लोक १८५८ ला काळ्या पाण्याची वसाहत बसली तेव्हा काही हजार होते. त्यांच्यासाठी "अंदमान होम" काढलं, कपडे दिले, तंबाखू दिली. १८७७ ला गोवराची साथ, त्याआधी आणि नंतर गुप्तरोग. १९६१ च्या जनगणनेत उरले १९. एकोणीस माणसं, सर. बोआ सिनियर नावाच्या आजी २०१० च्या २६ जानेवारीला गेल्या आणि त्यांची 'बो' भाषा बोलणारं कुणी राहिलं नाही. सेंटिनेललाही हा प्रयोग झालाय. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याने तिथून एक म्हातारा, म्हातारी आणि चार पोरं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली, सगळे आजारी पडले, म्हाताराम्हातारी मेली, मग पोरांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. त्या पोरांनी घरी जाऊन काय काय सांगितलं असेल, आणि अंगात काय घेऊन गेली असतील, याचा जरा विचार करा आणि मग म्हणा की बाण का मारतात.

मेळघाटचं उदाहरण म्हणून इथे बसत नाही. तिथला कोरकू आदिवासी धारणीच्या बाजारात येतो, एसटीत बसतो, मतदान करतो, आपल्याला जे ताप-खोकले होतात त्यांची त्याच्या शरीराला पिढ्यान् पिढ्या ओळख आहे. तिथे डॉक्टर न पोचणं हा सरकारचा गुन्हाच आहे, त्यात दुमत नाही. सेंटिनेलला डॉक्टरबरोबर जे जंतू पोचतील त्यांच्यासाठी आख्ख्या बेटावर एका शरीराची तयारी नाहीये. लस द्यायची तर एकदा जाऊन भागत नाही, माणूस तिथे राहावा लागतो, आणि राहिला की मागून रेशन येतं, ठेकेदार येतो, दारू येते. लिटल अंदमान बेटावरच्या ओंगी आदिवासींकडे हे सगळं आलं. जेमतेम शंभर लोक उरले होते, त्यातले आठ जण २००८ च्या डिसेंबरमध्ये किनाऱ्याला लागलेल्या कॅनमधलं काहीतरी दारू समजून पिऊन एका झटक्यात गेले.

कायद्याचं जरा भराभर सांगतो. २०१८ ला एक अमेरिकन मिशनरी तरुण चोरून सेंटिनेलवर गेला आणि तिथल्या लोकांच्या हातून मारला गेला, त्यात गुन्हा नोंदला गेला, अटक झाली ती पंचवीस हजार घेऊन त्याला तिथवर सोडणाऱ्या मच्छीमारांना आणि त्यांच्या साथीदारांना. माझ्या मते बरोबर जागी झाली. बेकायदा, चोरून, पुन्हा पुन्हा किनाऱ्याला लागणारा तो होता, हुसकावल्यावर परत आलेला. दुसऱ्याच्या घरात दोनदा घुसलेल्या माणसाची फिर्याद आपण घरमालकाविरुद्ध घेत नाही. मात्र त्याच्या तीनच महिने आधी केंद्राने पर्यटनाला चालना म्हणून २९ बेटांवरची परमिटची अट उठवली होती, त्यात नॉर्थ सेंटिनेलचंही नाव होतं! बाकीच्या परवानग्या लागतातच असा खुलासा नंतर आला, पण संदेश जायचा तो गेला. २०२५ च्या मार्चमध्ये आणखी एक अमेरिकन पोरगा तिथे डाएट कोकचा कॅन आणि नारळ ठेवून आला, व्हिडिओ काढायला. त्यालाही पकडलं.

मुख्य प्रवाहाबद्दल. हा वाद आपल्याकडे नवीन नाही आणि त्यात मराठी माणूस अगदी पुढे होता. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये, मुंबई विद्यापीठातले मोठे समाजशास्त्रज्ञ, त्यांचं म्हणणं हेच होतं की आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, ते आपल्यात मिसळलेच पाहिजेत. समोर आदिवासींमध्ये राहून अभ्यास करणारे मूळचे इंग्रज व्हेरियर एल्विन, ज्यांनी आधी मध्य भारतातल्या बैगा आदिवासींसाठी राष्ट्रीय उद्यानासारखी राखीव जागा सुचवली आणि पुढे ती कल्पना स्वतःच बाजूला ठेवली. घुर्येंचा एल्विनवरचा आक्षेप आणि तुमचा माझ्यावरचा, जवळजवळ एकच. पण मिसळताना कुठल्या पायरीवर जागा मिळते ते पण बघायला हवं ना. महाराष्ट्रात ज्या तीन आदिम जमाती धरतात, कातकरी, कोलाम, माडिया गोंड, त्यातले कातकरी तर मुंबईपासून दोन तासांवर आहेत, मुख्य प्रवाहाच्या अगदी मधोमध. आमच्या रायगडात दिवाळी झाली की मुकादम उचल देऊन आख्खी कुटुंबं वीटभट्टीवर नेतो, पावसाळ्यापर्यंत वाड्या ओस, पोरांची शाळा बुडाली, आणि हिशोबाला बसलं की उचल फिटलेलीच नसते. शंभर-सव्वाशे वर्षांची ओळख असून हे. सेंटिनेली माणसाला आपण कुठल्या पायरीवर उभं करणार आहोत, सांगा.

ग्रेट निकोबारबद्दल मात्र तुमच्यावर रागावण्यापेक्षा मला सरकारला विचारायचंय. २०१५ च्या शोंपेन धोरणात सरकारने स्वतः लिहून ठेवलंय की मोठे प्रकल्प आले तर या लोकांचं हित आधी बघायचं. आणि प्रकल्प कसा आहे तर गलाथिया खाडीत बंदर, वर विमानतळ, वीज प्रकल्प, नवं शहर, सुरुवातीचाच आकडा ७२ हजार कोटींचा, जमीन १६६ चौरस किलोमीटर, त्यात १३० च्या आसपास जंगल. शोंपेन २०११ च्या जनगणनेत २२९. तिथल्या निकोबारी लोकांच्या आदिवासी परिषदेने आधी ना-हरकत दिली होती, ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये परत घेतली, कारण त्सुनामीआधीची त्यांची गावं होती ती जमीनही यात जातेय हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. ही शिकलेली, पत्र लिहू शकणारी माणसं. शोंपेनांचा होकार मग कुणी, कुठल्या भाषेत, कसा घेतला? नौदलाचा तळ हवाय तर कॅम्पबेल बेला आयएनएस बाझ आहेच, तो वाढवा, कुणी नाही म्हणत नाही. सुरक्षेच्या नावाखाली टाउनशिप आणि कंटेनर टर्मिनल आणायचं आणि विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवायचं हे मला पटत नाही.

आणि स्वयंनिर्णयाचं म्हणाल तर आपल्या सरकारची भूमिका सोयीची आहे. १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात सामील होताना भारताने अट घातली की स्वयंनिर्णय फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना, आणि २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला होकार देतानाही तेच म्हटलं. काश्मीर, नागालँड डोक्यात ठेवून ते केलं हे समजू शकतं. पण सेंटिनेली माणूस काही वेगळं राष्ट्र मागत नाहीये, त्याला आपलं राष्ट्रच माहीत नाही. कोण कधी किती जवळ येणार एवढंच त्याला ठरवायचंय. ते आपण सेंटिनेलला मान्य केलं, कारण तिथे ना बंदराची जागा आहे ना महामार्गाची, असा माझा दाट संशय आहे. बंदर लागलं की शोंपेनांच्या बाबतीत धोरणाचा कागद बाजूला, रस्ता लागला की जारवांच्या बाबतीत कोर्टाचा आदेश बाजूला. तुम्ही मला विचारलंत त्यापेक्षा हे विचारलं असतंत तर मी आणखी अडचणीत आलो असतो, कारण उद्या सेंटिनेलच्या समुद्रात तेल सापडलं तर १९५६ ची नियमावली किती दिवस टिकेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राहिली तुमची ताजा कलममधली शंका, डिसेंबरात फॅमिली घेऊन अंदमानला चाललाय आणि बाराटांग बेटावरच्या (वरचा ट्रंक रोड तिथेच जातो) चुनखडीच्या गुहा टूरमध्ये आहेत, तर जावं का. गुहा छान आहेत, खारफुटीतून बोट जाते ते तर फारच. २०१७ पासून जारवांचं जंगल टाळून जाणारा समुद्रमार्ग आहे, टूरवाल्याला आधीच फोन करून बोटीने नेणार का विचारा, "नाही जमत" म्हणाला तर बाराटांग गाळून एक दिवस नील बेटावर जास्त राहा. आणि तरीही त्याने रस्त्यानेच नेलं तर काचा वर, मोबाईल पर्समध्ये, आणि पोरांना बिस्किटं जिरकाटांगच्या आधीच खायला घाला.