परवाना माणसाला की यंत्राला?

"डॉक्टरला परवाना लागतो, मग सॉफ्टवेअरवाल्याला का नको? सक्ती करा, थेराक-२५ सारखे अपघात थांबतील." हा युक्तिवाद सगळीकडे फिरतोय. उदाहरण ऐकायला जोरदार आहे, पण ते उलट्याच बाजूची साक्ष देतं.

थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भलतीच मोठी मात्रा दिली. टेक्ससमधल्या दोन अपघातांत घडलं ते असं: ऑपरेटरने 'ई' (इलेक्ट्रॉन किरण) ऐवजी 'एक्स' (एक्स-रे) दाबलं, चूक दिसताच कर्सर वर नेऊन भराभर दुरुस्त केलं. किरण वळवणारे यंत्रातले चुंबक जुळायला आठेक सेकंद लागायचे. तेवढ्यात झालेली दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळलीच नाही. पडद्यावर नुसतं 'मालफंक्शन ५४', म्हणजे 'बिघाड ५४'. गंमत म्हणजे, प्रोग्राममधली हीच चूक आधीच्या थेराक-२० मध्येही होती. तिथे स्वतंत्र इंटरलॉक होते, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं तरी यंत्र अडवणारी सुरक्षा-यंत्रणा. फ्यूज उडायचा, रुग्ण वाचायचा. नव्या यंत्रात कंपनीने ते इंटरलॉकच काढले. परवाना कोड लिहिणाऱ्याच्या खिशात असता, तरी हा निर्णय त्याच्या हातात होता का?

"परीक्षा ठेवा, दर्जा वाढेल." अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या परवान्याची परीक्षा ठेवून झाली. २०१३ ला सुरू, २०१९ ला बंद. एवढ्या काळात बसले ८१ जण. सक्ती नव्हती म्हणून, असं म्हणाल. मान्य. पण पेसमेकरवाल्याला आणि गेमवाल्याला एकच पेपर कसा काढणार?

"डॉक्टरसारखंच आहे हे." नाही. डॉक्टरच्या खोलीत कोण उपचार करतंय ते दिसतं. लॉगफोरजे (Log4j) हा असंख्य प्रोग्राममध्ये वापरला जाणारा, नोंदी ठेवणारा फुकट कोड. २०२१ मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या भोकामुळे जगभर धावपळ झाली. तो कोड सांभाळत होते स्वयंसेवक. त्यांच्याकडे परवाना मागितला, तर ते काम सोडतील. कोड मात्र सगळ्यांच्या सर्व्हरवर तसाच राहील.

एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही: परवानाधारक "मी सही करणार नाही" म्हणू शकतो. नोकरदार प्रोग्रामरला ती सोय नाही. ती ताकद हवीच, पण जिवाशी खेळणाऱ्या यंत्रांपुरती, आणि यंत्र तपासणाऱ्याच्या हातात. विमानांच्या सॉफ्टवेअरला अशी तपासणी आहे. तरी बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स विमानांचे दोन अपघात होऊन ३४६ माणसं गेली. तिथे तपासणीचं बरंचसं काम बोइंगच्याच माणसांकडे सोपवलेलं होतं.