त्या एका गोलापुरता नसलेला मायकल लेटन

जून आला की इथे फिलाडेल्फियात कुणी ना कुणी तो व्हिडिओ पुन्हा पाठवतंच. 9 जून 2010. आइस हॉकीतल्या स्टॅन्ले कपच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, आमचे फिलाडेल्फिया फ्लायर्स विरुद्ध शिकागो, बरोबरीनंतरच्या जादा वेळेची, म्हणजे ओव्हरटाइमची, चार मिनिटं झालेली. शिकागोचा पॅट्रिक केन डावीकडून, अगदी अवघड कोनातून पक, म्हणजे ती रबरी चकती, मारतो आणि हातमोजे भिरकावून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे सुसाट निघतो. बाकीचे सगळे जागच्या जागी उभे. गोल झाल्याचा लाल दिवा लागलेला नाही. पक गोलाच्या आत, जाळीच्या तळाशी असलेल्या पट्टीखाली जाऊन रुतलाय आणि केन सोडला तर जवळपास कुणालाच त्याचा पत्ता नाही. शिकागोला 1961 नंतर पहिल्यांदा कप मिळाला तो असा. आणि व्हिडिओखाली दर वर्षी तेच लिहिलेलं असतं: असला गोल शाळेतल्या पोरानंही अडवला असता.

यंदा मला राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

तो गोल खाणारा माणूस म्हणजे फ्लायर्सचा गोलरक्षक मायकल लेटन. ऑन्टारियोतल्या पेट्रोलिया गावचा. 1999 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला घेतलं होतं शिकागोनेच, सहाव्या फेरीत, 165 वा. जानेवारी 2003 मध्ये त्याच संघाकडून तो एनएचएलमधला, म्हणजे इथल्या सर्वात वरच्या हॉकी लीगमधला, पहिला सामना खेळला आणि एकही गोल दिला नाही. पण समोरच्या फिनिक्सचा गोलरक्षक झॅक बिएर्क यानेही दिला नाही. सामना 0-0 असा बरोबरीत सुटला. दोघांच्याही कारकिर्दीतला तो पहिला शटआउट, म्हणजे एकही गोल न देता काढलेला सामना, होता.

तिथून पुढे त्याची बॅग कधी नीट रिकामी झालीच नसेल. संघात गोलरक्षक दोनच असतात आणि बर्फावर एका वेळी एकच. तिसरा खालच्या लीगमध्ये, बसने गावोगाव फिरत. मुरलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर आधी त्याला 'वेव्हर्स'वर ठेवावं लागतं, म्हणजे 24 तास इतर कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. लेटनला 2006-07 च्या एकाच मोसमात असं तीन संघांनी उचललं: आधी नॅशव्हिल, मग फिलाडेल्फिया, मग माँट्रियल. नॅशव्हिलकडून तो एक सामना खेळला, माँट्रियलकडून एकही नाही.

माझे अप्पा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळच्या भोंग्याआधी बदली कार्ड खिशात घालून गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर आत घ्यायचे, नाहीतर तसंच घरी परत. आत घेतलं तर साचा कुणाचा, सूत कसलं, हे विचारायची सोय नाही. मिळेल त्या साच्यावर उभं राहून कायम कामगाराइतकंच कापड काढायचं, कारण उद्या पुन्हा त्याच गेटवर उभं राहायचंय. आई सांगते, घरी परत आलेल्या दिवशी अप्पा काही बोलायचे नाहीत. लेटनची सगळी कारकीर्द मला अप्पांमुळे कळते. दुसऱ्याच्या खाड्यावर ज्याचं काम अवलंबून असतं, त्याला रोज अंगात तेवढीच तयारी ठेवून निघावं लागतं, आणि ती तयारी कुणाच्या हिशोबात धरली जात नाही.

ज्यांना तो फक्त त्या गोलामुळे माहीत आहे, त्यांना मी 24 एप्रिल 2008 ची रात्र सांगतो. अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एनएचएलच्या खालची पायरी. प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद मालिकांतला सामना, ऑल्बनी विरुद्ध फिलाडेल्फिया फँटम्स. लेटन ऑल्बनीच्या गोलात. साठ मिनिटांत निकाल लागला नाही, मग एकामागून एक ओव्हरटाइम सुरू झाले. शेवट झाला तो पाचव्या ओव्हरटाइममध्ये, 142 मिनिटं 58 सेकंदांच्या खेळानंतर. तोवर त्या लीगमध्ये इतका लांब सामना झालेला नव्हता. लेटनने 98 फटके अडवले. एखाद्या गोलरक्षकाला एका सामन्यात तीस फटके अडवावे लागले तर त्याची रात्र कामाची गेली म्हणतात. याने तीन सामन्यांहून जास्त काम एका रात्रीत केलं. घामाने जड झालेले पॅड, गुडघ्यांवर बसायचं आणि उठायचं, बसायचं आणि उठायचं, मध्यरात्र उलटेपर्यंत. आणि ऑल्बनी हरली, 3-2. त्या मोसमात लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. एनएचएलमध्ये कायमची जागा मात्र त्यानंतरही नाही.

डिसेंबर 2009 मध्ये फ्लायर्सचा गोलरक्षक रे एमरी जखमी झाला आणि लेटनला पुन्हा वेव्हर्सवरूनच उचललं. सोळा सामने जिंकून दिले त्याने. मार्चमध्ये त्याचाच घोटा दुखावला आणि ब्रायन बाउशे गोलात आला. तोही संघामागून संघ बदललेला. प्लेऑफमध्ये बॉस्टनविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत आम्ही 0-3 ने मागे पडलो, चौथा सामना कसाबसा काढला. पाचव्यात बाउशेचे गुडघे गेले. जवळजवळ दोन महिने न खेळलेला लेटन थेट बाकावरून बर्फावर उतरला. त्या सामन्यात बॉस्टनला एकही गोल करता आला नाही. पुढचे दोन्ही सामने जिंकले आणि मालिका 4-3 ने आमची झाली. एनएचएलच्या इतिहासात 0-3 वरून मालिका जिंकणारा हा फक्त तिसरा संघ. शेवटच्या सामन्यातही आम्ही आधी तीन गोलांनी मागे होतो! मग माँट्रियलविरुद्धच्या मालिकेत लेटनचे तीन शटआउट.

अंतिम मालिकेत तो कमी पडला, हे मी नाकारत नाही. पहिल्या आणि पाचव्या सामन्यात त्याला मधेच बाहेर काढावं लागलं. पण सहाव्या रात्री शिकागोने 41 फटके मारले आणि आमच्या संघाने 24. त्यातले 37 त्याने अडवले म्हणून तर ओव्हरटाइमपर्यंत पोचलो. उरलेल्या चारांतला एक आजवर फिरतोय. ते 37 कुणी बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

नंतर पाठीची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये बफेलोविरुद्ध एका सामन्यात सुरुवातीपासून संधी, तीन गोल, पुन्हा बाहेर. त्या उन्हाळ्यात फ्लायर्सने गोलरक्षक इल्या ब्रिझगालोव्हशी नऊ वर्षांचा, 5.1 कोटी डॉलरचा करार केला आणि लेटन खालच्या लीगमध्ये गेला. 2013-14 मध्ये तो युक्रेनमधल्या डोनेत्स्कच्या संघाकडे होता. तिथली परिस्थिती इतकी बिघडली की संघाला प्लेऑफचे घरचे सामने स्लोव्हाकियात, ब्राटिस्लाव्हात खेळावे लागले. त्याच मे महिन्यात डोनेत्स्कमधलं त्यांचं मैदान जाळलं गेलं.

परत आला तो रॉकफर्डला. रॉकफर्ड म्हणजे शिकागोचाच खालचा संघ. ज्यांनी निवडलं, ज्यांनी हरवलं, त्यांच्याच घरी. अमेरिकन हॉकी लीगमध्ये कारकिर्दीतल्या सर्वाधिक शटआउटचा विक्रम तेव्हा जॉनी बाउअरच्या नावावर होता, 45. तो बाउअर, जो वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, चौतिशीच्या उंबरठ्यावर टोरांटोत स्थिरावला आणि मग चार वेळा स्टॅन्ले कप जिंकला. त्याचा विक्रम जवळपास सहा दशकं कुणी मोडला नव्हता. 2015-16 च्या मोसमात, पस्तिशीला टेकलेल्या लेटनने रॉकफर्डच्या गोलात उभं राहून तो मोडला.

त्या सामन्याचा व्हिडिओ मला आजवर एकानेही पाठवलेला नाही. या जूनमध्ये मी पाठवणार आहे.