घसा बरा झाल्यावर थंडी वाजून ताप आला तर

कुडाळ-सावंतवाडीकडे कुणाचा घसा धरला की मिठाच्या गुळण्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या येतात. घरी गेले की यावर वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला कायद्याने बंदी आहे, दुकानदारावर कारवाई करा. दुसरी विचारते, आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटला नाही तर माणसाने जायचं कुठे? दोघांचंही खरं आहे. पण गोळी द्यावी की नाही एवढ्यावरच वाद थांबतो, याचं मला वाईट वाटतं.

मी राहते त्या इंग्लंडमध्ये डॉक्टर घसा बघतात आणि बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या म्हणून घरी पाठवतात. आपली माणसं यावर चिडतात. मात्र निघताना डॉक्टर परत कधी यायचं ते सांगतात: थुंकीही गिळता येईना, तोंड उघडेना, आवाज घोगरा-गुदमरल्यासारखा झाला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर थांबू नका. ही दोन वाक्यं मला गोळीइतकीच महत्त्वाची वाटतात.

कारण घशातून सुरू होऊन जिवावर बेतणारे आजार दुर्मिळ असले तरी खरे आहेत. त्यातला एक लेमिएर सिंड्रोम. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी 1936 साली 20 रुग्णांची नोंद छापली. त्यातले 18 दगावले होते. बहुतेकदा धडधाकट तरुण मुलं-मुली याला बळी पडतात. फ्युझोबॅक्टेरियम नावाचा जंतू टॉन्सिलजवळून मानेतल्या मोठ्या शिरेत शिरतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि तिचे जंतूंनी भरलेले कण फुप्फुसात जातात. दुखरा घसा निवळायला लागलेला असतो, आणि काही दिवसांत हुडहुडी भरून ताप येतो, मान एका बाजूने दुखते किंवा सुजते, छातीत कळ येते, धाप लागते. वेळेवर शिरेतून योग्य अँटिबायोटिक मिळालं तर आज बहुतेक रुग्ण वाचतात. अॅझिथ्रोमायसिनवर मात्र या जंतूसाठी भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे गोळ्या पूर्ण घेतल्यात, आता काळजी नाही, हे समाधान इथे फसवं ठरतं.

इंग्लंडची पद्धत निर्दोष आहे असं नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे असे रुग्ण वाढलेले दिसले, तेव्हा घशासाठी अँटिबायोटिक कमी दिल्याचा हा परिणाम तर नाही ना, असा प्रश्न तिथल्याच डॉक्टरांनी विचारला. म्हणून सरसकट गोळी बंद करा, असं मी म्हणणार नाही. शिवाय स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा धरल्यानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात, तो धोका आपल्या देशातून अजून गेलेला नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो डोळ्यांसमोर येतात. दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून गोचिडांमुळे होणारा माकडतापही. हे तपासायलाच हवेत. पण या गडबडीत आठवडाभरापूर्वीचा घसा रुग्णही विसरतो आणि डॉक्टरही विचारत नाहीत. तेव्हा तो आपण होऊन सांगावा. पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यायची वेळ आली, तर वाटेत जाणारे तास परत मिळत नाहीत.

इंग्लंडमध्ये जानेवारी 2024 पासून फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांनी घसा तपासून औषध देऊ शकतात, आणि धोक्याची लक्षणं दिसली तर पुढे पाठवतात. आपल्या गावातला मेडिकलवाला तर आधीपासूनच पहिला डॉक्टर आहे. त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी ही लक्षणं शिकवा. जिल्हा आरोग्य विभागाने ती मराठीत छापून प्रत्येक काउंटरवर लावावीत. "थुंकी गिळवते का? मान सुजली आहे का?" एवढं त्याने गोळी देण्याआधी विचारलं, आणि उत्तर वाईट आलं तर गोळी न देता त्याच वेळी गाडी करून दवाखान्यात जायला सांगितलं, तरी पुष्कळ झालं.