इंग्लंडमधली सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे

मंडळी, उन्हाळा जवळ आला की भारतातून फोन सुरू होतात, लंडन आयची तिकिटं आधी काढायची का, मादाम तुसाँला किती वेळ लागतो वगैरे. बघा की, नक्की बघा. पण इथे राहून मी ज्या गोष्टीच्या खरोखर प्रेमात पडले, जिच्यासाठी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, ती म्हणजे इथल्या शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा.

कुठल्याही गावाच्या टोकाला, चर्चच्या मागे नाहीतर पबच्या पार्किंगला लागून एक छोटासा बोर्ड असतो, 'पब्लिक फूटपाथ', आणि तो बोर्ड सरळ कुणाच्यातरी गव्हाच्या शेताकडे बोट दाखवत असतो. जायचं, बिनधास्त. कुणाची परवानगी नाही, तिकीट नाही. जमीन त्या शेतकऱ्याची पण त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा, मग तुम्ही इथेच जन्मलेले असा नाहीतर तीन आठवड्यांसाठी मुलीकडे आलेल्या काकू असा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा, घोड्यांच्या वाटा धरून, सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत!

आणि हा हक्क नुसता कागदावर नाही. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली तर दोन आठवड्यांत परत चालण्याजोगी करून द्यायची आणि पीक वाढलं तरी वाट मोकळी ठेवायची, ही शेतकऱ्याची जबाबदारी. म्हणून जूनमध्ये दोन्ही बाजूंना कमरेएवढा गहू आणि मधून एक माणूस जाईल एवढी पट्टी, असं चालायला मिळतं. मला तर ते कुठल्याही राजवाड्यापेक्षा भारी वाटतं.

वाटेतल्या बारीकसारीक गोष्टींची पण मजा आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलसुद्धा चालेल. कुंपणावर चढून पलीकडे उतरायला लाकडी पायऱ्या असतात त्यांना स्टाइल म्हणतात, आणि किसिंग गेट म्हणून एक फाटक असतं, अर्धगोल कठड्यात झुलणारं, त्यातून माणूस पार होतो पण गुरं जाऊ शकत नाहीत. कुठे फार्मच्या दाराशी अंड्यांचे ट्रे मांडलेले, शेजारी पैसे टाकायचा डबा, विकायला कुणी बसलेलंच नाही. एप्रिलच्या शेवटी जंगलात ब्लूबेल्सची निळी फुलं. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणाच्या झुडपांवर ब्लॅकबेरी, आपण घाटात करवंदं खातो तशा उभ्या उभ्या तोडून खायच्या. १९६८ च्या चोरीविषयीच्या कायद्यातच लिहिलंय की रानात आपोआप वाढलेली फळं, फुलं, पानं तोडली तर ती चोरी नाही, विकण्यासाठी तोडली तर गोष्ट वेगळी. एवढा विचार केलाय ह्या लोकांनी, मला फार आवडतं हे.

पण हे कुणी आपणहून दिलेलं नाही बरं का. डोंगर-माळ मोठ्या जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडची कामगार पोरं शेकड्यांनी किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसली, त्यात पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढाकार घेणारा बेनी रॉथमन जेमतेम विशीतला, त्याला चार महिने. मग १९४९ चा कायदा आला, त्यात प्रत्येक कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाने, आपल्या वाटा नकाशावर नोंदवायच्या असं ठरलं, आणि २००० च्या कायद्याने नकाशावर आखलेल्या मोकळ्या डोंगराळ भागात वाट सोडून फिरायलाही परवानगी मिळाली.

मला सगळ्यात जास्त पटतो तो वीस वर्षांचा नियम. लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कुणाला न विचारता, अडवणूक न होता सलग २० वर्षं चालले तर ती वाट सार्वजनिक मानली जाते, मालकाने तसा इरादा नव्हता हे दाखवून दिलं नाही तर. म्हणून तर काही मालक आपली वाट वर्षातून एक दिवस बंद ठेवतात, हक्क तयार होऊ नये म्हणून! आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट नुसती वापरात नाही म्हणून संपत नाही. रॅम्बलर्स ह्या पायी भटकणाऱ्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे नव्यांशेजारी ठेवून ४९ हजार मैलांहून जास्त हरवलेल्या वाटा शोधून काढल्यात. घरी बसून, एकेक चौकोन तपासत. केवढं प्रेम लागतं त्याला.

हे बघून मला आपल्याकडच्या पाणंदी आठवतात. आपल्या जमीन महसूल कायद्यात कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता तहसीलदार देऊ शकतो, पण तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. गडांवर जाणाऱ्या, वाड्यावस्त्या जोडणाऱ्या जुन्या वाटांचं काय? त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहेत, प्लॉट पडले आणि तारेचं कुंपण आलं की कुणाला दाखवायच्या? ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनी ह्या वाटांची गावागावात बसून नोंद करायला घ्यावी असं मला मनापासून वाटतं, आत्ता केली तरच होईल.

असो. लंडनला येणाऱ्यांसाठी सोपा उपाय, मेट्रोपॉलिटन लाइनने चेशमला जा आणि चेस नदीच्या काठाकाठाने रिकमन्सवर्थपर्यंत चालत या, साधारण दहा मैल, दोन्हीकडे ट्यूब स्टेशन. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, चांगले बूट घाला. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, फाटक जसं असेल तसं ठेवा. एवढं चालवत नसेल तर तुम्ही राहणार त्या जागेचा पोस्टकोड इनबॉक्स करा, ऑर्डनन्स सर्व्हे ह्या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशात हिरव्या तुटक रेघा बघून जवळची छोटी वाट मी शोधून देते.